९ सप्टेंबर १९४२ : नंदुरबारचा शिरीषकुमार

‘चले जाव’ला एक महिना झाला होता. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारमध्ये शाळकरी मुलांची प्रभातफेरी निघाली. हाती तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता पुढे होता. जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पोलिसांनी मुलींच्या दिशेने बंदूक रोखली तेव्हा तो आडवा आला, असं नंदुरबारकर आजही सांगतात. गोळ्या छातीवर झेलून तो कोसळला. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदास हे त्याचे सोबतीही त्या गोळीबारात हुतात्मा झाले. ही नावं शिरीषच्या नावाइतकीच घरोघरी माहीत असायला हवीत. माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे.