व्यस्त टॅन स्थिरांकांचे दशांश विस्तार

ज्या कोनाचा टॅन १/२, १/५ असा साधा अपूर्णांक असतो, त्या कोनाचे रेडियनमधील माप म्हणजे व्यस्त टॅन स्थिरांक. टॅन १/२ असलेला कोन ०.४६३६४७६०९०... आणि टॅन १/३ असलेला ०.३२१७५०५५४३... रेडियन भरतो. दोहोंची बेरीज ०.७८५३९८१६३३..., म्हणजे पाय या संख्येचा नेमका चौथा भाग. हे विस्तार कधी संपत नाहीत, त्यांत आवर्तनही सापडत नाही. लिंडेमान यांच्या १८८२ च्या सिद्धांतावरून शून्येतर परिमेय संख्येचा व्यस्त टॅन बीजातीत ठरतो. पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे तो मूळ होऊ शकत नाही.

हे अंक एका अनंत श्रेणीतून मिळतात: मूळ अपूर्णांक, वजा त्याच्या घनाचा तिसरा भाग, अधिक पाचव्या घाताचा पाचवा भाग, याप्रमाणे पुढे. ही श्रेणी केरळच्या संगमग्रामचा माधव (सु. १३४०–१४२५) याच्या परंपरेत माहीत होती, ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मलयाळम ग्रंथात तिची उपपत्ती दिली आहे. युरोपात जेम्स ग्रेगरी १६७१ मध्ये तिच्यापर्यंत पोहोचला. तिला ग्रेगरीचे नाव रूढ असले, तरी माधवाचे नाव आधी घेणेच न्याय्य.

अपूर्णांकाच्या जागी १ ठेवल्यास श्रेणी फार रेंगाळते. हजार पदे घेऊनही पायचे तिसरे दशांश स्थळ चुकते. अपूर्णांक लहान केला की अंक भराभर हाती येतात. १७०६ मध्ये जॉन मेचिन याने हेच साधले: १/५ च्या व्यस्त टॅनची चौपट, वजा १/२३९ चा व्यस्त टॅन, म्हणजे पायचा चौथा भाग. पडताळा सोपा आहे. कोनाचा टॅन १/५ असेल तर दुप्पट कोनाचा ५/१२ येतो, चौपट कोनाचा १२०/११९. हा कोन ४५ अंशांपेक्षा किंचित मोठा, आणि त्या फरकाचा टॅन बरोबर १/२३९. शिवाय १/५ च्या श्रेणीत पुढचा घात काढायला दर वेळी २५ ने भागावे लागते, आणि दशमान पद्धतीत २५ ने भागणे म्हणजे चारने गुणून दोन स्थळे सरकवणे, त्यामुळे हाताने आकडेमोड करणाऱ्याला १/५ फारच सोयीचा. ०.२ मधून ०.००२६६६६६६७ वजा, ०.००००६४ अधिक, ०.०००००१८२८६ वजा, इथेच ०.१९७३९५५०४७ मिळते. खरी किंमत ०.१९७३९५५५९८..., म्हणजे चार पदांत सात स्थळे बरोबर! मेचिनने या सूत्राने पायची शंभर स्थळे काढली.

याच सूत्रावर वर्षानुवर्षे राबून विल्यम शँक्स याने १८७३ मध्ये ७०७ स्थळे प्रसिद्ध केली. ५२८ व्या स्थळापासून ती चुकली होती. १९४० च्या दशकात डी. एफ. फर्ग्युसन यांनी १/४, १/२० आणि १/१९८५ यांच्या व्यस्त टॅनवर आधारलेल्या निराळ्या सूत्राने गणित केले, तेव्हा ही चूक उघड झाली. लांब विस्तार दोन स्वतंत्र सूत्रांनी पडताळल्याशिवाय स्वीकारू नये, हा दंडक पुढे संगणकाच्या काळातही पाळला गेला.