जर्मनीतील पीएच.डी. : विद्यार्थी की नोकरदार?

परदेशातील पीएच.डी. म्हटले की मराठी घरांत अमेरिकेचेच चित्र उभे राहते. वास्तविक जर्मनीची वाटही आपल्याला नवी नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, त्याला नव्वदहून अधिक वर्षे लोटली. आज तेथे जाणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. पीएच.डी. करणारा तेथे बहुधा केवळ विद्यार्थी नसतो. तो विद्यापीठाचा किंवा संशोधन संस्थेचा मुदतीच्या करारावरील कर्मचारी असतो.

मार्गदर्शकाला जर्मन भाषेत ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टरेटचा पिता, असे म्हणतात. स्त्री असल्यास ‘डॉक्टरमुटर’. पारंपरिक पद्धतीत हाच प्राध्यापक उमेदवाराला स्वीकारतो, बहुतेकदा तोच त्याचा वरिष्ठ असतो आणि पुढे प्रबंधाचा परीक्षकही. एवढी सत्ता एका हाती असताना माणसाची पारख करूनच होकार द्यावा, हे उघड आहे.

सरकारी विद्यापीठांत डॉक्टरेटसाठी सहसा शिक्षणशुल्क नसते, उलट पगार मिळतो. मात्र तो अनेकदा अर्ध्या किंवा पाऊण पदाचा असतो. प्रयोगशाळेतील दिवस मात्र पूर्ण! डॉक्टरेटपूर्वीच्या अशा मुदतीच्या नोकरीला कायद्याने सहा वर्षांची सर्वसाधारण मर्यादा घातली आहे. खरी अडचण पुढेच आहे. नोकरीच्या आधारावर मिळालेला निवास परवाना बहुधा कराराच्या मुदतीशी बांधलेला असतो. करार संपला आणि प्रबंध अपुरा राहिला, तर जर्मन सहकारी घरी बसून लेखन पुरे करू शकतो. भारतीयाला मात्र आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची भेटीची वेळ मिळवावी लागते. तेथून येणारी पत्रे जर्मनमध्ये असतात, मग प्रयोगशाळेत सारा व्यवहार इंग्रजीत का होईना.

म्हणून होकार देण्यापूर्वी करार किती वर्षांचा, त्यानंतरचा पैसा कोठून येणार आणि आधीच्या विद्यार्थ्यांना किती काळ लागला, हे विचारावे. विचारण्यात संकोच नको. शक्य तर तेथून बाहेर पडलेल्या परदेशी विद्यार्थ्यांशीच बोलावे.

तोंडी परीक्षा झाली तरी लगेच नावामागे ‘डॉ.’ लावता येत नाही; त्यासाठी आधी प्रबंध प्रकाशित व्हावा लागतो. गटिंगनमध्ये मात्र उत्सव तेवढा थांबत नाही. नवा डॉक्टर सहकाऱ्यांनी बनवलेली टोपी घालून मिरवत चौकात येतो आणि कारंज्यावर चढून ‘गेन्झलीझल’ या मुलीच्या पुतळ्याचे चुंबन घेतो. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा निवास परवाना मिळू शकतो.