घर कोठे? करपत्रकातला एक जुना प्रश्न

उन्हाळा सरत आला की इंदूरमधील अनेक मराठी घरांत एक संभाषण हमखास होते. मुलगा अमेरिकेत असतो. इथल्या सदनिकेचे भाडे, बँकेतील ठेवींचे व्याज आणि आजोबांनी नावावर करून दिलेले शेअर यांचा हिशेब जुळवून त्याचे प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचे असते. "तिथे कर भरतोच आहे, मग इथे पुन्हा कशाला?" असे तो फोनवर विचारतो. प्रश्न नव्या पिढीचा वाटतो. परंतु कमाई एका मुलखात आणि जाब दुसऱ्या मुलखात, ही स्थिती माळव्यातील मराठी माणसास जवळजवळ तीनशे वर्षे परिचित आहे.

पेशवाईत माळव्यात आलेल्या सरदाराचा सरंजाम ही त्याची मालकी नव्हती. फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला तो वसूल होता आणि त्याचा हिशेब पुण्यास द्यावा लागे. त्यावर नजर ठेवण्यासाठी दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरकदार पेशव्यांकडून नेमले जात. २० जानेवारी १७३४ रोजी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर मिळाली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. दौलतीचा जाब पुण्यापुढे. खासगीचे उत्पन्न मात्र कुटुंबाचे. अहिल्याबाईंनी ही सीमारेषा कसोशीने पाळली आणि आपला दानधर्म खासगीतून चालविला. कोणते उत्पन्न कोणापुढे मांडायचे, हा विवेक असा इंदूरच्या राजघराण्यातच रुजलेला होता.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख होळकरांनी इंग्रजांस दिला. इंदूरचा मराठी माणूस तेव्हापासून संस्थानात राहू लागला आणि त्याचे मूळ गाव खालसात गेले. गावच्या जमिनीचा सारा भाऊबंद भरीत, त्यामुळे फारसे अडत नसे. १८६० साली आलेल्या प्राप्तिकराची जात मात्र वेगळी होती. तो जमिनीवर बसत नसे, माणसाच्या मिळकतीवर बसे. आणि माणूस तर जागा बदलतो.

म्हणून कायद्याला 'हा माणूस कोठला?' हे ठरवावे लागले. १९२२ च्या कायद्यात १९३९ साली झालेली दुरुस्ती या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. वर्षातून १८२ दिवस ब्रिटिश हिंदुस्थानात राहणारा तो निवासी, हे सरळच होते. पण आणखी एक कसोटी होती: ज्याच्यासाठी तेथे वर्षातील १८२ दिवस राहते घर राखलेले आहे, तो त्या वर्षी थोडा वेळ जरी तेथे आला तरी निवासी! होळकर महाविद्यालयात शिकविणारा, पण पुण्याच्या वाड्यातील आपल्या खोल्या राखून ठेवणारा एखादा प्राध्यापक कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. गणपतीसाठी चार दिवस पुण्यास गेला की कायद्याच्या लेखी तो तेथला रहिवासी ठरू शके. संस्थानातील मिळकतीस सवलत होती, परंतु ती खालसात आणली नाही तरच. ज्या पैशातून घराचे छप्पर शाकारायचे, तो सातपुडा ओलांडताच हिशेबात धरला जाण्याचा संभव होता.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आला आणि १ एप्रिल १९५० पासून केंद्राचा प्राप्तिकर इंदूरलाही लागू झाला. पुणे आणि इंदूर यांच्यामधील ही सीमा पुसली गेली. पण घराची कसोटी गेली नाही. १९६१ च्या कायद्याने ती किमान ३० दिवसांच्या मुक्कामाची अट घालून ठेवली. तोवर इंदूरची मुले परदेशी जाऊ लागली होती. त्यांच्यासाठी आईवडिलांनी राखलेली खोली कायद्याच्या नजरेत भरण्याजोगी होती. १९८२ च्या वित्त कायद्याने १ एप्रिल १९८३ पासून ही कसोटी गाळली. पुढे १९८९ साली भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. एकीकडे भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मिळण्याची सोय त्यात आहे. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. भाडे इंदूरच्या घराचे, म्हणून त्यावर पहिला हक्क इथला. आणि तोच कर पुन्हा तिथे पूर्ण भरावा लागू नये, म्हणून इथल्या विवरणपत्राचा कागद तिथे उपयोगी पडतो.

अमेरिका आपल्या नागरिकाकडून, तो कोठेही राहो, विवरणपत्र मागते. तेथील नागरिकत्व घेऊन इंदूरला परतलेल्यांना हे ठाऊक आहे. आपला कायदा दिवस मोजणारा. पण २०२० च्या दुरुस्तीने त्यानेही या दिशेने एक पाऊल टाकले. ज्याचे परदेशी उत्पन्न वगळता उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे आणि ज्यास अन्य कोणत्याही देशात कर लागू नाही, असा भारतीय नागरिक आता निवासी मानला जातो.

विवरणपत्राकडे केवळ कटकट म्हणून पाहणे आम्हांस म्हणूनच अपुरे वाटते. पुण्यास गेलेल्या हिशेबांमुळे माळव्यातील मराठ्यांचा इतिहास लिहिता आला. ते कागद लिहिणाऱ्या कारकुनांनाही ते कटकटीचेच वाटले असतील. आमच्या घरांतील १९५० पूर्वीच्या मनिऑर्डरींच्या पावत्या, साऱ्याच्या पावत्या आणि करआकारणीचे हुकूम मात्र दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जात आहेत. कोण कोठे राहिला, कोणासाठी घर राखले आणि घरी किती पाठविले, हे त्यांत लिहिलेले आहे. यंदा माळा आवरताना ते गठ्ठे सोडून एकदा वाचावेत, एवढेच वाचकांस सुचवावेसे वाटते.