संस्थेच्या आश्रयाकडून समाजातील वास्तव्याच्या हक्काकडे : शिरूरची घटना आणि जुन्नर-आंबेगावचा संदर्भ

प्रस्तावना

आंबेगाव तालुक्याच्या डोंगरातून निघणारी घोड नदी पूर्वेकडे शिरूरला पोहोचते. जुन्नरची कुकडीही पुढे तिलाच मिळते. या शिरूरमधील मतिमंद मुलींच्या शासकीय निवासी संस्थेचे नाव फेब्रुवारी १९९४ मध्ये देशभर चर्चिले गेले. अपंगांच्या हक्कांचा महाराष्ट्रातील इतिहास लिहिताना ही घटना टाळता येत नाही. 'मतिमंद' हा त्या काळातील शासकीय शब्द असून आज त्याऐवजी 'बौद्धिक दिव्यांग' असा शब्दप्रयोग केला जातो. प्रस्तुत निबंधात शिरूरच्या घटनेच्या आधारे संस्थेकडून समाजाकडे झालेल्या वैचारिक व कायदेशीर स्थित्यंतराचा आढावा घेतला असून, जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात त्याच्या मर्यादा तपासल्या आहेत.

वेगळे ठेवण्याची परंपरा

वसाहतकालीन राज्यकर्त्यांनी मनोरुग्ण व कुष्ठरोगी यांच्याकडे प्रामुख्याने सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले. १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा, १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आणि १९१२ चा भारतीय वेडेपणा कायदा यांत व्यक्तीच्या इच्छेपेक्षा तिला ताब्यात घेण्याच्या कार्यपद्धतीला अधिक महत्त्व होते. स्वातंत्र्यानंतर या दृष्टीला दयेची जोड मिळाली. तथापि आश्रय देणाऱ्याने ठरवावे आणि आश्रिताने स्वीकारावे, हा संबंध पुष्कळ अंशी तसाच राहिला.

शिरूर : १९९४

शिरूरच्या संस्थेतील १८ ते ३५ वयोगटातील काही स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून सर्वसाधारण रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. या स्त्रिया मासिक पाळीच्या काळात स्वच्छता राखू शकत नाहीत आणि लैंगिक अत्याचार झाल्यास गर्भधारणेचा धोका संभवतो, अशी कारणे पुढे करण्यात आली. स्त्री-संघटना व आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी तीव्र विरोध केल्यानंतर उर्वरित शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या.

या समर्थनाची तर्करीती लक्षात घेण्याजोगी आहे. स्वच्छतेसाठी मदतनीस हवे होते, तर अत्याचार टाळण्यासाठी संरक्षण हवे होते. या दोन्ही जबाबदाऱ्या संस्थेच्या होत्या. त्या पार पाडण्याऐवजी स्त्रीच्या शरीरात बदल करण्यात आला. विशेष म्हणजे गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही. त्याचा पुरावा मात्र नाहीसा होतो. काही पालकांची संमती असल्याचेही त्या वेळी सांगण्यात आले. परंतु जिच्या शरीराचा प्रश्न होता तिचे मत कोणी विचारले, हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. त्यामुळे हा प्रसंग केवळ एका संस्थेतील चूक ठरत नाही. व्यक्तीपेक्षा व्यवस्थेची सोय मोठी ठरते तेव्हा काय घडते, याचे ते उदाहरण होय.

कायद्यातील स्थित्यंतर

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शिक्षण व रोजगारातील समान संधीचा पाया घातला. परंतु तीव्र अपंगत्व असणाऱ्यांसाठी त्यात संस्था स्थापण्याचीच तरतूद होती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने व्यक्तीला स्वतःच्या समाजात व शक्य तितके स्वावलंबी जगता यावे, हे उद्दिष्ट मांडले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील अनुच्छेद १९ ने समाजात राहणे हा हक्क मानला. भारताने २००७ मध्ये या करारास मान्यता दिली. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक दिव्यांग स्त्रीच्या प्रजननविषयक निर्णयाचा आदर केला. ती स्त्रीही शासकीय संस्थेतच अत्याचाराला बळी पडली होती, हे येथे नोंदविले पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देते, तर कलम १० नुसार व्यक्तीच्या स्वतंत्र व माहितीपूर्ण संमतीशिवाय तिला वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. शिरूरच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर म्हणून या कलमाकडे पाहता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मनोरुग्णांनाही समाजात राहण्याचा हक्क दिला. असे असूनही २०१९ मध्ये बऱ्या झालेल्या मनोरुग्णांना भिक्षेकरी गृहे व वृद्धाश्रमांत हलविण्याच्या महाराष्ट्रातील प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाला आक्षेप घ्यावा लागला. एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीत जाणे म्हणजे समाजात परतणे नव्हे.

जुन्नर-आंबेगावचा संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या व त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. यांतील बहुसंख्यांचा संस्थेशी कधी संबंधच आला नाही. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी वस्त्या हे याचे ठळक उदाहरण होय. येथे प्रश्न संस्थेतून बाहेर येण्याचा नसून घराबाहेर येण्याचा आहे. कर्ती माणसे पूर्वेकडील बागायती पट्ट्यात मजुरीला गेली की आधाराची गरज असलेली व्यक्ती वृद्धांच्या भरवशावर घरातच राहते. चढणीच्या वाटा, एस.टी.च्या मोजक्या फेऱ्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एकवटलेली कार्यालये यांमुळे कागदावरील हक्क दूरच राहतो. राष्ट्रीय न्यासाची पालकत्वविषयक स्थानिक समितीही जिल्हा पातळीवरच असते. या स्थितीत देखभालीचा बहुतांश भार घरातील स्त्रीवर पडतो व तिची मजुरी बुडते.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा दंडक आहे. मात्र लहान डोंगरी पंचायतीचे स्वउत्पन्नच तुटपुंजे असल्याने ही रक्कमही तुटपुंजी ठरते. दुसरीकडे, या दोन्ही तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना सामाजिक क्षेत्रातील संस्थांवर व कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. दिव्यांगांच्या संदर्भात या अधिकाराचा विचार होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

संस्था बंद करणे व समाजात सामावून घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली आदेशाने होऊ शकते. दुसरीसाठी मदतनीस, वाहतूक, रोजगार व उपचार गावापर्यंत न्यावे लागतात. हे न करता व्यक्तीला घरी पाठविल्यास संस्थेची जबाबदारी कुटुंबातील स्त्रीच्या खांद्यावर जाते आणि घर हीच एक लहान संस्था बनते. शिरूरच्या स्त्रियांना कोणी विचारले नाही. डोंगरातील वस्तीवर दाराआड बसलेल्या व्यक्तीलाही ग्रामसभेत बोलावून तिला काय हवे ते विचारले जाईल, तेव्हाच हे स्थित्यंतर पूर्ण झाले असे म्हणता येईल.