अंदाज खरा की खोटा, हे मोजल्यावरच कळतं

20 मे 2025 ला डॉ. जयंत नारळीकर गेले, तेव्हा व्हॉट्सअॅपवर श्रद्धांजलीचा पूर आला होता. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्या एका अंदाजाची गोष्ट आज सांगतो. ती आपल्या उमरग्यातल्या शाळा-कॉलेजांच्याही कामाची आहे.

ज्वारीच्या भाकरीत, बाभळीच्या लाकडात, आपल्या अंगात कार्बन आहे. हा कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. हेलियमची दोन अणुकेंद्रं एकत्र आली की बेरिलियम होतं, पण ते निमिषार्धात फुटतं. फुटायच्या आत तिसरं हेलियम येऊन चिकटलं, तरच कार्बन. ही क्रिया साध्या हिशोबाने इतकी संथ निघत होती की जगात एवढा कार्बन असायलाच नको!

1953 मध्ये हॉईल अमेरिकेत कॅलटेक संस्थेत गेले होते. त्यांचं म्हणणं असं: कार्बन आहे, म्हणजे त्याच्या केंद्रकात साधारण 76.5 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टवर एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. ती असेल तर क्रियेचा वेग प्रचंड वाढतो. तिथले विल्यम फाउलर यांना आधी हे पटेना. ताऱ्यांकडे बघून अणूच्या आतलं कसं काय सांगता?

पण वाद घालत बसण्यापेक्षा वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी सरळ मोजायला घेतलं. नायट्रोजनवर जड हायड्रोजनच्या केंद्रकांचा मारा केला आणि बाहेर पडणाऱ्या कणांची ऊर्जा मोजली. पातळी सापडली, हॉईल म्हणाले होते तिथंच!

1957 मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल यांनी ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी घडतात यावर मोठा निबंध लिहिला. 1983 चं नोबेल फाउलर आणि चंद्रशेखर यांना मिळालं. हॉईल यांना नाही. याची हळहळ आजही व्यक्त होते.

आता दुसरी बाजू बघा. विश्वाला आरंभच नाही, हा सिद्धांत मांडणाऱ्यांतही हॉईल होतेच. नारळीकर 1960 मध्ये त्यांचे विद्यार्थी झाले आणि याच विचारावर त्यांनी पुढं खूप काम केलं. पण 1965 मध्ये आकाशाच्या सगळ्या बाजूंनी येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजल्या गेल्याचं जाहीर झालं, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. माणूस तोच, बुद्धी तीच. एक विचार टिकला, दुसरा मागं पडला. निकाल नावाने लागला नाही, मोजमापाने लागला.

हे काम महाराष्ट्रातही झालंय. मुंबईत ट्रॉम्बेला 55 लाख व्होल्टचं व्हॅन डी ग्राफ यंत्र होतं. प्रोटॉनच्या माऱ्याने किती क्रिया घडतात हे त्यावर मोजलं जायचं, आणि असे आकडे ताऱ्यांच्या गणिताला लागतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन यंत्र आहे.

आणि काम संपलेलं नाही. कार्बनला हेलियम चिकटून ऑक्सिजन किती वेगाने होतो, हे ताऱ्यातल्या तापमानाला अजून थेट मोजता आलेलं नाही. क्रियाच इतकी दुर्मिळ आहे. जास्त ऊर्जेला मोजायचं आणि खालचा आकडा हिशोबाने काढायचा, असं चाललंय. पण ताऱ्यात शेवटी कार्बन किती आणि ऑक्सिजन किती उरणार, हे मोठ्या प्रमाणात याच आकड्यावर ठरतं. अशा दुर्मिळ क्रिया मोजायला इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखाली, साधारण 1400 मीटर खडकाच्या आड प्रयोगशाळा आहे. आकाशातून येणाऱ्या कणांचा गोंधळ तिथं कमी.

तिकडं एका आकड्यासाठी माणसं आयुष्य घालवतात. आणि आपल्याकडं? बारावीच्या प्रॅक्टिकलला मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवलं जातं. हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. मार्क मिळतात, पण मोजायची सवय तिथंच मरते.

संस्थाचालक, शिक्षक आणि पालकांना हात जोडून विनंती: प्रयोगशाळेची कुलुपं उघडा. पोरांना स्वतः मोजू द्या. रीडिंग चुकलं तर चुकू द्या, पण ते त्यांचं स्वतःचं असू द्या.