घरबसल्या अंटार्क्टिका: मुलांसोबत बर्फाचा खंड कसा समजून घ्यायचा?

घरातल्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल, तर त्याच्या तळाला एक लांबलचक पांढरी पट्टी दिसते. अनेक मुलांना ती नकाशाची किनारच वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा खंड आहे. त्यात भारतासारखे चार देश सहज मावतील आणि तरीही जागा उरेल.

अंटार्क्टिका मुलांना दाखवायला विमानाचं तिकीट लागत नाही. फ्रीजर, टॉर्च, एक संत्रं आणि सुट्टीतले तीन-चार दिवस पुरतात. मात्र पेंग्विनचं चित्र रंगवून आणि कापूस चिकटवून हा विषय संपवू नका. त्यात मूल रंगकाम शिकतं, अंटार्क्टिका नाही.

आधी संत्रं सोला

संत्र्याच्या तळाशी स्केचपेनने एक गोल काढा. आता साल शक्यतो एका तुकड्यात सोला आणि ती टेबलावर सपाट दाबून बसवायचा प्रयत्न करा. साल फाटते, कडा ताणल्या जातात. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर बसवताना नेमकं हेच होतं आणि म्हणून तळाचा गोल खंड पट्टीसारखा ताणलेला दिसतो. नकाशा 'खोटं' बोलू शकतो, हे कळल्यावर मुलांना भलताच आनंद होतो.

दुसरं संत्रं असेल तर त्यात आरपार काडी खोचा. ती थोडी तिरकी धरा, कारण पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. खोलीत अंधार करून मध्यभागी दिवा ठेवा आणि संत्रं त्याच्याभोवती फिरवा. अट एकच: काडीचा कल पूर्ण फेरीत एकाच दिशेला, समजा खिडकीकडे, राहिला पाहिजे. एका बाजूला संत्रं स्वतःभोवती कितीही फिरवलं तरी तळाचा ठिपका उजेडातच राहतो. तो डिसेंबर. समोरच्या बाजूला गेलं की तोच ठिपका अंधारात जातो. तो जून. दक्षिण ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र का असते, हे पाठ करायची गरज उरत नाही.

पेंग्विन म्हणजे बर्फच?

मुंबईच्या राणीच्या बागेतले पेंग्विन पाहिलेली मुलं ठामपणे सांगतात की ते अंटार्क्टिकाहून आलेत. पण ते हम्बोल्ट जातीचे आहेत. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. तिथे ते खडकांत राहतात, बर्फात नाही.

अंटार्क्टिकाचा खरा मानकरी एम्परर पेंग्विन. मादी एकच अंडं घालते आणि समुद्राकडे निघून जाते. भर हिवाळ्यात नर ते अंडं पायांवर ठेवून, पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकून, साधारण दोन महिने उबवतो. या काळात तो काहीही खात नाही. घरी एक लिंबू किंवा लोकरीचा गुंडा पायांवर ठेवून मुलांना हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालायला सांगा. लिंबू बहुतेक तिसऱ्या पावलालाच घरंगळतं. खरं अंडं बर्फावर पडलं, तर काही वेळातच गोठतं.

आणि हो, पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच चित्रात दिसले तर चित्र चुकलेलं आहे. ध्रुवीय अस्वलं उत्तरेकडे, आर्क्टिकमध्ये असतात. इग्लूही तिकडचीच. अंटार्क्टिकात मूळ रहिवासी असे कुणीच नाहीत.

एवढ्या थंडीत प्राणी जगतात कसे?

२१ जुलै १९८३ रोजी रशियाच्या (तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या) व्होस्तोक केंद्रावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. घरातला फ्रीजर साधारण उणे १८ असतो. या आकड्यांतलं अंतर मुलांना जाणवणं कठीण, पण चरबीचं काम मात्र हाताला कळतं.

एका प्लास्टिकच्या पिशवीत वनस्पती तुपाचा जाड थर घाला, त्यात दुसरी पिशवी उलटी करून बसवा, म्हणजे तूप दोन पिशव्यांच्या मध्ये राहील. दुसऱ्या हातासाठी अशाच दोन पिशव्या, पण तुपाशिवाय. दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात घाला. तुपाविना असलेला हात लगेच बाहेर येतो. चरबीतून उष्णता सावकाश बाहेर जाते. सील आणि देवमासे याच थरावर जगतात. पेंग्विनकडे चरबीशिवाय दाट पिसांचा कोटही असतो. (लहान मुलांचा हात मिनिटभराहून जास्त पाण्यात ठेवू नका, आणि तूप वापरण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा.)

बर्फाचं वाळवंट

खंडाचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे आणि या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. तरीही ते वाळवंट मानलं जातं. आतल्या भागात वर्षभरात पडणारं हिम वितळवलं तर पाच सेंटिमीटरसुद्धा पाणी होत नाही. भिंतीवर जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर एक खूण करा. मग मुंबईची खूण करायला जा: चार महिन्यांच्या पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त, म्हणजे दोन मीटरच्याही वर. त्यासाठी स्टूल लागेल. मग तिथे एवढा बर्फ आला कुठून? पडतं कमी, पण वितळत जवळजवळ नाही. लाखो वर्षं साचत गेलं.

गोव्याहून निघालेलं जहाज

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं जहाज निघालं. त्यावर डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ भारतीयांची पहिली मोहीम होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. हा ३४ दिवसांचा प्रवास जुन्या कॅलेंडरवर रोज एक खूण करत मुलांना 'करू' द्या. दहाव्या दिवशी कंटाळा येतो, आणि तो यायलाच हवा. त्याशिवाय अंतर कळत नाही.

त्यानंतरच्या १९८३-८४च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत या दोघी होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला. भारताचं पहिलं केंद्र 'दक्षिण गंगोत्री' पुढे बर्फात गाडलं गेलं. आज 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन केंद्रं चालू आहेत आणि या मोहिमांचं काम गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतं. मैत्रीवर हिवाळ्यात जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही.

हा खंड कुणाच्याही मालकीचा नाही, असं सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. सात देशांनी त्यावर हक्क सांगितलेले आहेत, पण १९५९च्या अंटार्क्टिक कराराने ते गोठवून ठेवले. भारत या करारात १९८३ मध्ये सामील झाला. लष्करी तळ नाहीत, आणि १९९१च्या माद्रिद मसुद्यानुसार खाणकामालाही बंदी. तिथे गेलेल्यांना आपला बहुतेक कचरा परत न्यावा लागतो. घरातला एक दिवसाचा सुका कचरा प्रत्येकाने आपापल्या पिशवीत घेऊन फिरायचं, असा खेळ करून पाहा. संध्याकाळपर्यंत बिस्किटांचे पुडे कमी उघडले जातात. बाहेरच्या वनस्पतींचं बी तिथे पोहोचू नये म्हणून लोकांचे बूट आणि खिसेही साफ केले जातात. पावसाळ्यानंतर गवतातून चालून आलेल्या मुलाच्या मोज्यांवरची कुसळं मोजली, की हा नियम का आहे ते समजतं.

'आपली मुंबई बुडणार का?'

हा प्रश्न येतोच. तो टाळू नका.

दोन सरळ भांडी घ्या. पहिल्यात पाणी आणि तरंगणारे बर्फाचे खडे. दुसऱ्यात मध्यभागी एक मोठा दगड, त्याच्या निम्म्यापर्यंत पाणी आणि बर्फ दगडाच्या माथ्यावर. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर पट्टी चिकटवा आणि बर्फ वितळू द्या. पहिल्यात पातळी जवळपास तशीच राहते, कारण तरंगणाऱ्या बर्फाने आपली जागा आधीच व्यापलेली असते. दुसऱ्यात पाणी वर चढतं. अंटार्क्टिकाचा बहुतांश बर्फ दुसऱ्या भांड्यासारखा, म्हणजे जमिनीवर आहे. म्हणूनच शास्त्रज्ञ त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतात.

तिथला सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. व्हायरल व्हिडिओ इथेच थांबतात. मुलांना पुढचंही सांगा: असं व्हायला हजारो वर्षं लागतील. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या अंदाजानुसार २१०० पर्यंतची वाढ, आपण किती प्रदूषण करतो त्यानुसार, साधारण ३० सेंटिमीटर ते एक मीटर असू शकते. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी जमिनीवर उभी करून दाखवा. ती छोटी दिसते. पण किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात भरतीचं पाणी आधीच उंबऱ्याशी येत असेल, तर तेवढी वाढ खूप असते.

पत्र लिहायचं असेल तर

अंटार्क्टिकावरचं भारतीय टपाल कार्यालय गोवा टपाल विभागाखाली, म्हणजेच महाराष्ट्र परिमंडळात येतं. एप्रिल २०२४ मध्ये भारती केंद्रावर नवीन शाखा सुरू झाली, तिचा प्रायोगिक पिनकोड एमएच-१७१८. गोव्याहून जाणारा संशोधक पत्रं सोबत नेतो, तिथे त्यांवर शिक्का बसतो आणि ती गोव्यामार्गे परत येतात. मोहीम वर्षातून ठरावीक काळातच निघते, त्यामुळे पत्र लिहिणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवा: उत्तर येईपर्यंत त्याची इयत्ता बदललेली असू शकते.