'रायझिंग सन' नक्की कुणाचं?

ज्याने कधी गिटार हातात धरलीय त्याने ए मायनरपासून सुरू होणारी ती सुरावट एकदा तरी वाजवलेलीच असते. आमच्या हॉस्टेलवर तर रात्री बारानंतर कुठल्या ना कुठल्या खोलीतून ती ऐकू यायचीच. 'द हाउस ऑफ द रायझिंग सन'. गाणं 'द अ‍ॅनिमल्स'चं, यात मला बरीच वर्षं शंकाच नव्हती. मग कळलं की ते कव्हर आहे. आणि ज्याचं कव्हर आहे, तेही कव्हरच!

तर मंडळी, आता जरा उलटे मागे जाऊ.

मे १९६४. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलची पाच पोरं चक बेरीबरोबर दौऱ्यावर होती. बेरीसमोर रॉक अँड रोल वाजवून आपण उठून दिसणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक संथ, काळोखं लोकगीत घेतलं. दौऱ्यातून वेळ काढून लंडनच्या स्टुडिओत ते एका टेकमध्ये रेकॉर्ड झालं. हिल्टन व्हॅलेंटाइनची गिटार, अ‍ॅलन प्राइसचा ऑर्गन आणि एरिक बर्डनचा तो घसा फोडणारा आवाज. जुलैत ब्रिटनमध्ये नंबर एक, सप्टेंबरमध्ये अमेरिकेत नंबर एक.

त्याआधी, मार्च १९६२ मध्ये, बॉब डिलनच्या पहिल्याच अल्बमवर हे गाणं येऊन गेलेलं होतं. पण त्यातली मांडणी डिलनची नव्हती. ती न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या डेव्ह व्हॅन रॉंक या गायकाची. व्हॅन रॉंक स्वतः ते रेकॉर्ड करायच्या बेतात होता. डिलनने येऊन विचारलं, तुझी मांडणी वापरू का? हा म्हणाला, थांब जरा, मलाच करायचंय. तेव्हा डिलन ओशाळून म्हणाला, अरेच्चा, माझं तर रेकॉर्डिंग झालंसुद्धा! पुढे लोक म्हणायला लागले की व्हॅन रॉंक डिलनचं गाणं गातो, म्हणून व्हॅन रॉंकने ते गाणं सोडलं. मग अ‍ॅनिमल्सचं हिट झालं आणि लोक डिलनला म्हणायला लागले की तू अ‍ॅनिमल्सचं गाणं गातोस. डिलननेही ते सोडलं. हा किस्सा व्हॅन रॉंक स्वतःच सांगायचा, आणि शेवटी त्याला हसू यायचं.

आणखी मागे जाऊ. सप्टेंबर १९३७, केंटकी राज्यातलं मिडल्सबरो. अ‍ॅलन लोमॅक्स हा तरुण संग्राहक अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करत कोळसा खाणींच्या मुलखात फिरत होता. तिथे त्याच्या यंत्रासमोर १६ वर्षांची जॉर्जिया टर्नर गायली. खाणकामगाराची मुलगी. साथीला वाद्य नाही, काही नाही. न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घरात आयुष्य नासलेल्या मुलीची कहाणी, मुलीच्याच तोंडून. डिलनच्या गाण्यातही ती मुलगीच होती. अ‍ॅनिमल्सच्या गाण्यात मात्र तिचा मुलगा झाला!

जॉर्जियाचं तरी ते होतं का? नाही. क्लॅरेन्स अ‍ॅशली आणि ग्वेन फॉस्टर यांनी १९३३ मध्येच 'रायझिंग सन ब्लूज' रेकॉर्ड केलं होतं, आणि अ‍ॅशली म्हणायचा, मला हे आजोबांनी शिकवलं. आजोबांच्या मागे नुसता अंधार. ते घर म्हणजे कुंटणखाना की तुरुंग, यालाही ठोस पुरावा नाही.

आता मुद्द्याचं. अ‍ॅनिमल्सच्या रेकॉर्डवर छापलं गेलं: पारंपरिक, मांडणी अ‍ॅलन प्राइस. पाच जणांनी वाजवलं, नाव एकाचं, आणि रॉयल्टीही त्यालाच. बाकीच्यांना सांगितलं गेलं की लेबलवर पाच नावांना जागा नाही. ही सल त्यांना आयुष्यभर राहिली.

लोमॅक्सने मात्र १९४१ च्या पुस्तकात हे गाणं छापताना जॉर्जिया टर्नरचं नाव घातलं, आणि जास्तीच्या ओळी देणाऱ्या बर्ट मार्टिनचंही. जॉर्जिया १९६९ मध्ये वारली. जगभर गाजलेल्या गाण्यातून तिच्या पदरात अगदीच किरकोळ पैसे पडले. पण नाव राहिलं, म्हणून आज आपण तिच्याबद्दल बोलतोय.

आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. दुसऱ्याचा कोड घ्या, बदला, सुधारा, खुशाल पुढे न्या. कुणाचीच ना नाही. फक्त वरची नावांची यादी पुसायची नाही. माझ्या एका जुन्या नोकरीत मी रात्री जागून लिहिलेलं एक मॉड्यूल डेमोच्या दिवशी भलत्याच नावावर झळकलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

असो. व्हॅन रॉंकसारखं हसता आलं तर उत्तमच. पण त्याआधी जॉर्जियाचं ते जुनं, खरखरीत रेकॉर्डिंग शोधून एकदा ऐकाच. त्यानंतर अ‍ॅनिमल्स लावा. दोन्ही आवडतील. मला तर आता पहिलं जास्त आवडतं.